वाकळ, क्विल्ट आणि बारा शर्ट



दिवाळीनंतर इथे काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तब्येत ठणठणीत आहे. घरात शिवणकाम निघालं होतं आणि त्यावरून थोडी वादावादीही झाली, त्यामुळे लिहायला बसणं जमलं नाही. वादावादी ज्यांच्याशी झाली त्या आमच्या वन्सं इथलं सगळं न चुकता वाचतात (प्रतिक्रिया मात्र फोनवर देतात!), तेव्हा जे लिहीन ते सांभाळून लिहायला हवं. पण लिहिणार आहे.

विषय गोधडीचा. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणायचे. माझी आजी उन्हाळ्यात वाकळ घालायला काढायची. सोप्यात जुनं लुगडं अंथरून चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर धोतराची पानं, फाटकी परकर-पोलकी, जे असेल ते थरावर थर लावायचं आणि वरून ठिगळं. शेजारच्या दोघी-तिघी यायच्या. कडेने धावदोरा घालत घालत सगळ्या आत सरकायच्या, चौकोनात चौकोन, त्यात आणखी चौकोन. मधलं शेवटचं ठिगळ आजी स्वतः शिवायची आणि शिवण्याआधी त्याखाली पुरणपोळीचा तुकडा ठेवायची. वाकळेला उपाशी ठेवू नये म्हणायची. ‘‘मुंग्या लागतील की गं,’’ मी म्हटलं होतं. ‘‘लागू देत. त्यांना काय थंडी वाजत नाही?’’

आजीला अक्षरओळख नव्हती. पण एखादं लाल ठिगळ ती तीनदा उचलून तीन ठिकाणी ठेवून बघायची, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायची, आणि मग चौथ्याच ठिकाणी लावायची. तेव्हा मला वाटायचं, म्हातारी उगीच वेळ काढते आहे.

आता सूनबाईंकडे येते. आमची सून अटलांटाला असते, कॉम्प्युटरमध्ये आहे, आणि गेली आठ-नऊ वर्षं तिला क्विल्ट शिवायचा नाद लागला आहे. नाद हाच शब्द बरोबर. तिच्या घरी एका खोलीत भिंतभर कपाट आहे आणि त्यात फक्त कापडं, रंगाप्रमाणे घड्या घालून ठेवलेली. त्या कापडाच्या साठ्याला त्यांच्यात ‘स्टॅश’ म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, अगं, कोरं कापड विकत आणायचं, त्याचे तुकडे करायचे आणि तेच तुकडे पुन्हा जोडायचे? हसली आणि म्हणाली, ‘‘आई, तुमच्या माळ्यावर स्टीलचे किती डबे आहेत?’’ मी विषय बदलला.

पण तिच्यामुळे मला एक नवंच जग कळलं. अमेरिकेत पिढ्यानपिढ्या क्विल्ट शिवतात हे ऐकून होते. तारे, चौकटी, फुलांच्या परड्या, सगळं मोजूनमापून. त्यांचा क्विल्ट तीन थरांचा : वरचा जोडकामाचा, मधे कापसाचा पातळ पत्रा, खाली अस्तर. जोडताना शिवण पाव इंचाची, एक दोरा इकडेतिकडे चालायचा नाही. या शतकात तिथल्या तरुण मुलींनी मात्र वेगळंच सुरू केलं. सपाट रंग, मोठमोठ्या रिकाम्या जागा, मुद्दाम वाकड्या पट्ट्या, पट्टी न लावता कात्रीने अंदाजाने कापलेले तुकडे. त्याला ‘मॉडर्न क्विल्ट’ म्हणतात. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला अशा मंडळींचा पहिला गट जमला, पुढे गावोगावी मंडळं निघाली, २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्यांचं पहिलं मोठं संमेलन भरलं. म्हणजे आपल्या साहित्य संमेलनासारखंच म्हणायचं, फक्त अध्यक्षपदावरून भांडणं होतात का ते विचारायचं राहिलं.

या मुलींना स्फूर्ती कुठून मिळते? सूनबाईंनी जे नाव सांगितलं ते मी पूर्वी ऐकलेलं नव्हतं : जीज बेंड. मला ती तिथल्या हाय म्युझियममध्ये घेऊन गेली होती, तेव्हा भिंतीवर टांगलेल्या त्या गोधड्या बघितल्या. बघितल्या आणि मटकन बाकावर बसले. ही तर आजीची वाकळ! तेच पुसट निळे, तेच मातकट, आणि अचानक कुठेतरी एक लाल.

जीज बेंड हे अलाबामा राज्यातलं, नदीच्या वळणात अडकलेलं गाव. तीन बाजूंनी पाणी. तिथे जी नावाच्या मळेवाल्याचा कापसाचा मळा होता, १८४५ मध्ये तो पेटवे नावाच्या माणसाकडे गेला आणि गुलामांना मालकाचं आडनाव लागलं. आजही तिथे घराघरात पेटवे आहेत, रक्ताचं नातं असो वा नसो. गुलामी संपली तरी कुळं म्हणून तिथेच राबले. साठच्या दशकात पलीकडच्या तालुक्याच्या गावी जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवायला लागले, तर १९६२ मध्ये त्यांची तरच बंद झाली. मैलभर पाण्याऐवजी रस्त्याने तासाभराचा वळसा. ती तर पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! मी नागरिकशास्त्र शिकवलं आहे मंडळी, मतदानाचा हक्क हा धडा दरवर्षी. हे उदाहरण तेव्हा माहीत असतं तर मुलांच्या डोक्यात धडा जास्त शिरला असता.

अशा गावातल्या बायका पत्र्याच्या आणि लाकडाच्या भेगाळ घरांत थंडी अडवायला गोधड्या शिवत होत्या. शेतात घालायच्या जीनच्या विजारी, पिठाची पोती, जे हाताला लागेल ते. १९६६ मध्ये त्या भागात बायकांची सहकारी संस्था निघाली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. बायकांच्या हातात स्वतःचा पैसा आला. पण मोठ्या दुकानांच्या मागणीला एकसारखा माल लागतो, त्यात ‘तुझ्या मनाने कर’ बसत नाही. मनाने केलेल्या गोधड्या घरातच राहिल्या. त्यातली अ‍ॅनी मे यंग यांची एक गोधडी सरपणाच्या ढिगावर टाकलेली होती, तिचा फोटो एका पुस्तकात आला. विल्यम आर्नेट नावाच्या संग्राहकाने तो पाहिला आणि शोधत शोधत गावात पोचला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये प्रदर्शन, पुढे न्यूयॉर्कला, आणि २००६ मध्ये दहा गोधड्यांची टपाल तिकिटं. लोक म्हणाले, ही तर आधुनिक चित्रकला. शिकलेल्या चित्रकारांनी कॅनव्हासवर जे केलं, ते या बायकांनी विजारींच्या गुडघ्यांवर केलं होतं.

याबद्दल एक वाक्य नेहमी वाचायला मिळतं, की गरिबीतून कला जन्मली. ते मला अजिबात पटत नाही. गरिबीने एवढंच सांगितलं, की काहीतरी शिव, पोरं गारठतायत. लाल तुकडा कुठे लावायचा हे गरिबीने सांगितलं नाही. ऊब तर तो कुठेही लावला तरी तेवढीच मिळाली असती. आजी तीनदा तुकडा हलवायची ते कशासाठी? आणि सूनबाई, जिला पांघरुणाची काहीच गरज नाही, घरात हीटर आहे, तीही जमिनीवर तुकडे मांडून रात्री बारापर्यंत तेच करते. खुर्चीवर चढून बघते, फोनवर फोटो काढून बघते, पुन्हा खाली उतरून एक तुकडा बदलते. डोळे बारीक करायची लकबसुद्धा तीच. हिने माझ्या आजीला कधी पाहिलेलं नाही.

(जाता जाता : कर्नाटकात यल्लापूर-हळियाळच्या बाजूला सिद्दी लोक राहतात, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज. त्यांच्या बायकाही अशाच गोधड्या शिवतात, कवंद म्हणतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून आत जायचं, आणि चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचं ‘फुला’ लावायचं. ते नसेल तर कवंद उघडं समजतात. सांगलीहून काही फार लांब नाही, पण मला त्यांचा पत्ता लागला तो अटलांटामार्गे.)

आता वादाकडे. जीज बेंडच्या गोधड्यांमध्ये मिझुरी पेटवे यांची एक आहे, १९४२ सालची. त्यांचा नवरा गेला, तेव्हा त्याचे शेतातले कपडे उसवून त्यांनी मुलीच्या मदतीने गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली झोपावं म्हणून. विजारींचे गुडघे विटलेले तसेच दिसतात. त्या एका गोधडीवर २०२३ मध्ये अख्खं पुस्तक निघालं आहे. सूनबाईंनी ते मला वाचून सांगितलं, अर्थ सांगत सांगत, आणि पुस्तक मिटून म्हणाली, ‘‘आई, बाबांचे शर्ट अजून कपाटात आहेत ना?’’

आहेत. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. बारा शर्ट, सगळे फिकट, चौकडीचे नाहीतर बारीक रेघांचे, अर्ध्या बाह्यांचे, पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यात झाली. मधे बोहारीण दारावर आली होती. मोठं पातेलं दाखवत होती. मी सहा साड्या दिल्या, शर्ट दिले नाहीत. ते देऊन तिच्याकडून आणलेल्या पातेल्यात मी रोज दूध तापवणार? पण ठेवून तरी काय करणार होते, तेही कळत नव्हतं. दर पावसाळ्यानंतर उन्हात घालायचे, डांबरगोळ्या बदलायच्या, परत ठेवायचे.

नाताळच्या सुट्टीत सूनबाई आली, ती गोल पात्याचा कटर आणि चटई घेऊनच. नात पुढच्या वर्षी कॉलेजला वसतिगृहात जाणार, तिच्यासाठी आजोबांच्या शर्टांचा क्विल्ट करायचा असं ठरलं. हे वन्संना कळलं आणि फोन आला. ‘‘वहिनी, गेलेल्या माणसाचे कपडे पोरीच्या अंगावर घालायचे? दान करायचे असतात ते. आपल्यात असं करत नाहीत.’’

वन्सं, तुमचा राग मी समजू शकते. तुमचा तो धाकटा भाऊ, त्याच्या शर्टावर कात्री चालवायची कल्पनाही तुम्हाला सोसत नाही, शास्त्र हे निमित्त आहे. मलाही सोसत नव्हती. पण ‘आपल्यात करत नाहीत’ हे खरं नाही. आपण लहानपणी ज्या वाकळांखाली झोपलो त्या कशाच्या होत्या? माझ्या आजीच्या वाकळेत आजोबांचं धोतर होतं, मी पाहिलेलंही नाही त्या पणजीचं लुगडं होतं. बोटाने दाखवून ती सांगायची, हे यांचं, हे तिचं. आपल्या सगळ्यांना जन्मल्याबरोबर कुठल्या ना कुठल्या म्हातारीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलं होतं, ती म्हातारी सगळ्यांच्या वेळी काही जिवंत नव्हती. कुणाचं काही वाईट झालं नाही. कापड विकत आणून रजया घ्यायला लागल्यावर आपण हे विसरलो.

तर शर्ट कापले. अकरा कापले, बारावा मी ठेवून घेतला, खिशाला शाईचा डाग आहे तो. पहिला शर्ट सूनबाईने माझ्या हातात दिला. मी शिवण उसवली, कात्री लावली नाही. दुसऱ्याला लावली.

अडचणी बऱ्याच आल्या. निम्मे शर्ट टेरिकॉटचे. सूनबाईंच्या शास्त्रात शंभर टक्के सुती कापड लागतं, टेरिकॉट इस्त्रीला दाद देत नाही, सरकतं. मी म्हटलं, जीज बेंडच्या बायकांनी पॉलिस्टरसुद्धा वापरलंय, तूच सांगितलंस. गप्प बसली. खिसे काढायचे की ठेवायचे यावर दोन दिवस चर्चा झाली. नात व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ठेवा, मी त्यात चष्मा ठेवीन. (तिचे आजोबा तेच करायचे, हे तिला आठवत नसणार, चारेक वर्षांची होती तेव्हा इथे होती ती.) सगळं फिकट दिसायला लागलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, एक गडद तुकडा हवा. मी माझ्या लाल काठाच्या इरकलीचा पदर काढून दिला. तो कुठे लावायचा, यावर मात्र आमचं एकमत होईना. तिचं म्हणणं खाली डाव्या कोपऱ्यात, एकटा. माझं म्हणणं मधे. शेवटी तिचंच ऐकलं. बाकी सगळं रिकामं आणि फिकट, आणि कोपऱ्यात तो लाल. खरंच बरा दिसतो.

वरचा थर जोडून झाला. मधला पत्रा आणि अस्तर ती तिकडे लावणार. ती मशीनवर टाके घालणार होती, मी म्हटलं, निदान कडेच्या दोन ओळी हाताने धावदोऱ्याच्या राहू देत. त्या मी घालून दिल्या आहेत. हात थरथरतो, टाके लहान-मोठे झालेत. तिच्या मॉडर्न मंडळींना ते मुद्दाम केल्यासारखे वाटतील, वाटू देत.

बॅग भरताना वन्सं आल्या. सोलापूरहून, न कळवता. पलंगावर ते पसरलेलं होतं. बराच वेळ हात फिरवत बसल्या, एका निळ्या रेघांच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हा त्याने माझ्या धाकटीच्या लग्नात घातला होता.’’ मग पिशवीतून डबा काढला. शेंगापोळ्या होत्या. मी सूनबाईला आजीची पुरणपोळीची गोष्ट सांगितली, तशी ती म्हणाली, अमेरिकेच्या विमानतळावर क्विल्टमध्ये पोळी सापडली तर मला आत घेणार नाहीत. मग आम्ही तिघींनी त्या पोळ्या तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, तूप लावून खाल्ल्या.

परवा फोटो आला आहे. टाके अजून पुरे व्हायचे आहेत.