पडद्यावरची शाळा आणि माझा वर्ग



गेल्या दिवाळीच्या आधी वह्या तपासत होते. सातवीतल्या एका मुलाच्या गणिताच्या वहीचं मागचं अख्खं पान हिरव्या-काळ्या चौकटींनी भरलेलं होतं. मला वाटलं बुद्धिबळाचा पट. विचारलं, तर तो माझ्याकडे जरा दयेनंच बघत म्हणाला, "बाई, तांजिरोचं जॅकेट आहे हे." तांजिरो कोण, हे वर्गात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. घरी येऊन कुरकुर केली, तर दहावीतली लेक म्हणाली, "आई, आधी बघ, मग बोल."

म्हणून सुट्टीत बघितलं. फराळाचं करता करता, रात्री जागून, बरंच काही बघितलं. त्यातलं काय पटलं आणि काय नाही, ते इथे लिहिते.

'डीमन स्लेयर'पासून सुरुवात केली, कारण चौकटी तिथल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा नवा चित्रपट आपल्याकडे हिंदीतसुद्धा लागला आणि मुलं वेडी झाली. मी मालिकेचे सुरुवातीचे भाग पाहिले. कोळसा विकून घर चालवणारा मुलगा एक दिवस परततो, तर घरातली माणसं मारली गेलेली असतात. वाचलेली बहीण राक्षस झालेली असते. तो तिला पाठीवरच्या पेटीत घेऊन फिरतो. रक्त भरपूर आहे, मुंडकी उडतात. पाचवीच्या आतल्या मुलांना हे दाखवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय लढता लढता प्रत्येक जण आपला डाव समजावून सांगत बसतो, त्याची मला गंमत वाटली. आमच्या प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मुलं इतकं बोलत नाहीत! पण एक गोष्ट मनाला लागली. राक्षस मरताना तो माणूस असतानाची त्याची गोष्ट दाखवतात, आणि ज्यानं त्याला मारलं त्या तांजिरोलाच त्याचं वाईट वाटतं. नुसती मारामारी म्हणून मी हे बाजूला सारत होते.

'कोटा फॅक्टरी' आधी अर्धवट पाहिली होती, आता पूर्ण केली. सुरुवातीला जीतू भैया मला खटकत असे. प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार, तेही टाळ्या मिळवणारं. असा शिक्षक मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही, आणि मी तर नाहीच. पण २०२४ च्या तिसऱ्या भागात तो स्वतःच खचलेला दिसतो, डॉक्टरांकडे जातो. तेव्हा कुठे तो मला आपल्यातला वाटला.

'अ‍ॅडोलेसन्स' ही २०२५ ची ब्रिटिश मालिका. चारच भाग, आणि प्रत्येक भाग कॅमेरा न थांबवता एका दमात चित्रित केलेला. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप असतो. पालकांनी ही जरूर बघावी, मुलांसोबत नको, आधी एकट्यानं. दुसऱ्या भागात पोलीस शाळेत तपासाला जातात. तपास अधिकाऱ्याला मुलांच्या मेसेजमधल्या साध्या चित्रखुणांचा अर्थ लागत नाही. तो त्याच शाळेत शिकणारा त्याचा स्वतःचा मुलगा त्याला सांगतो. शाळेच्या मोबाइल-बंदीच्या सभेत मी फार जोरात बोलले होते, ते आठवलं. खुणा मलाही येत नाहीत.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. लेकीनं शेवटच्या दिवशी लावलेला चित्रपट, 'अ सायलेंट व्हॉइस'. २०१६ चा जपानी चित्रपट, दिग्दर्शक नाओको यामादा. योशितोकी ओइमा यांच्या चित्रकथेवरून केलेला. मूळ जपानी नावाचा अर्थ 'आवाजाचा आकार'.

सहावीच्या वर्गात शोको निशिमिया नावाची मुलगी नव्यानं येते. तिला ऐकू येत नाही. ती वही पुढे करते, यात लिहून माझ्याशी बोला म्हणते. थोडे दिवस मुलं लिहितात, मग कंटाळतात. एक शिक्षिका सुचवतात, रोज सकाळी तीन मिनिटं खुणांची भाषा शिकूया. एक मुलगी विरोध करते. दुसरी, साहारा, मी शिकते म्हणते, तर तिलाच इतकं चिडवतात की तिची शाळा सुटते. आणि शोया इशिदा नावाचा द्वाड मुलगा शोकोच्या कानातली यंत्रं ओढून फेकतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आठ यंत्रं जातात.

मग मुख्याध्यापक वर्गात येतात. आणि वर्गशिक्षक ताकेउची, ज्यांना हे सगळं दिसत होतं, ते फळ्यावर हात आपटून ओरडतात, "इशिदा, उभा राहा!"

इथे मी लेकीला म्हटलं, थांबव जरा. पाणी प्यायचं निमित्त केलं.

चौदा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कानाची मशीन लावणारी एक मुलगी होती. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि माझं काम झालं असं समजले. मशीन कधी कधी शिट्टीसारखी वाजायची, मुलं तशी नक्कल करायची. मी "शांत बसा" म्हणायचे, तेही फळ्याकडे तोंड करून. सगळ्यात वाईट म्हणजे श्रुतलेखन. दर शुक्रवारी बाकांमधून फिरत फिरत मी शब्द सांगायचे. माझे ओठ दिसल्याशिवाय तिला अर्धे शब्द कळत नव्हते, आणि मी तिच्या पाठीमागे. दहापैकी तीन, दहापैकी दोन. वर लाल शाईत 'लक्ष देऊन ऐकावे' असा शेरा. हो, मीच लिहिलेला.

एक दिवस मशीन गायब झाली. ती हात धुण्याच्या नळाखाली सापडली, भिजलेली. तिचे वडील आले, मुख्याध्यापक वर्गात आले. मी एका मुलाचं नाव घेतलं. ते नाव माझ्या तोंडावर कायमच असायचं. तो उभा राहिला, नाही म्हणाला नाही. त्याच्या घरच्यांनी पैसे भरले. त्यानंतर सगळा वर्ग त्याला 'मशीनचोर' म्हणायचा. मला ऐकू यायचं. भोगू दे, असं मला वाटायचं. ती मुलगी वर्ष संपल्यावर दाखला काढून गेली.

चित्रपटात पुढे इशिदावरच सगळे उलटतात. तो मोठा होतो तेव्हा त्याला लोकांच्या चेहऱ्यांवर निळ्या फुल्या दिसतात, कारण तो कोणाकडे बघूच शकत नाही. पुढे तो खुणांची भाषा शिकून शोकोला शोधतो. पालकांना सांगायला हवं की यात जीव देण्याचे प्रसंग आहेत, त्यामुळे आठवी-नववीच्या पुढच्या मुलांसोबतच, शेजारी बसून बघा. शेवट मला थोडा लांबलेला वाटला. लेकीला नाही वाटला, ती रडत होती.

ताकेउचींना दिग्दर्शिकेनं खलनायक केलेलं नाही. थोडा वेळ दिसतात, आपलं काम करतात. मी त्यांच्यावर चिडायला बघत होते, जमलं नाही.

तो मुलगा आता स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. माझ्या मोबाइलची काच तोच बदलतो आणि "बाई, तुमच्याकडून काय घ्यायचे" म्हणत पैसे घेत नाही. सुट्टी संपायच्या आधी गेले. गिऱ्हाईक नव्हतं. विचारलं, "ती मशीन तूच टाकली होतीस का रे?"

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला नाही. म्हणाला, "चौघं होतो, बाई. आम्ही झेलाझेली करत होतो, माझ्या हातून पडली. तुम्ही कुठे विचारलं?" मग कोणाचा तरी फोन आला आणि तो बोलत आत गेला.

मी बाकीच्या तिघांची नावं विचारली नाहीत. त्याची माफी मागायची म्हणून गेले होते, तेही राहिलं. पुन्हा जाईन.

श्रुतलेखन मी आता फळ्यासमोर एका जागी उभी राहून देते, चेहरा मुलांकडे, प्रत्येक शब्द दोनदा. सध्याच्या वर्गात मशीन लावणारं कोणी नाही. पण दुसऱ्या रांगेतली एक मुलगी मी बोलताना फार एकटक तोंडाकडे बघते. तिच्या आईला शनिवारी बोलावलं आहे.