लाटणं नळीतून आरपार

हॉलमध्ये सतरंजी टाकून आजी भातुकली मांडून बसल्या आहेत. हातात पुठ्ठ्याची नळी आहे, टॉयलेट पेपरचा रोल संपला की उरते ती. सुनेने मोबाइलवर कुठेतरी वाचून सांगितलं, की जी वस्तू या नळीतून जाते ती बाळाच्या हाती द्यायची नाही. नातू अकरा महिन्यांचा. पुढच्या महिन्यात पहिला वाढदिवस, आणि आजींच्या मनात भेट केव्हाची ठरलेली: आपली सावंतवाडीची भातुकली.

गुंडी आत. कळशी आत. तांब्या, भांडं, पळी, सगळं आत. लाटणं तर उभं सोडलं ते आरपार, खाली सतरंजीवर टप्प! तेवीस वस्तूंपैकी बाहेर राहिल्या तीन. पोळपाट, परात आणि जातं.

आजींना राग आला तो नळीचा. साठ वर्षं ही भातुकली घरात आहे, कुणाला काही झालं नाही.

पण साठ वर्षांचा हिशेब नीट मांडला तर तो वेगळा निघतो. 1963 साली आजी स्वतः वर्षाच्या झाल्या, तेव्हा त्यांचे वडील कामानिमित्त सावंतवाडीला गेले होते. चितार आळीतल्या दुकानांत लाकडी केळी, आंबे, फणस, मिरच्या आणि भातुकलीचे संच मांडलेले. त्यांनी एक संच घेतला. लाल, पिवळा, हिरवा, लाखेची तुकतुकी असलेला. लाखेचं कातकाम बघायला मोठं छान असतं. लाकूड गरगर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवतात, घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. वडील घरी आले, लेकीसमोर संच मांडला, आणि लेकीने पहिलं काम काय केलं, तर गुंडी तोंडात घातली. आईने ती काढली, सगळा संच पत्र्याच्या डब्यात भरला आणि डबा माळ्यावर टाकला. वडिलांचा चेहरा उतरला, असं नंतर घरात सांगत.

त्या वर्षी मुलगी खेळली ती रवी, उलथणं आणि एकात एक बसणाऱ्या पितळी डब्यांशी. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचा प्रयोग सुरू केला आणि तो पुढे कोसबाडला नेला, तेव्हा महागड्या साधनांऐवजी गावात मिळणाऱ्या वस्तू वापरल्या. आजींच्या आईने ताराबाईंचं काही वाचलेलं नव्हतं. तिच्याजवळ स्वयंपाकघर होतं आणि हाताला कामं खूप होती, एवढंच.

डबा खाली आला 1967 साली, मुलगी पाच वर्षांची झाल्यावर. मग मात्र दुपारच्या दुपार अंगणात संसार मांडले गेले. चुरमुऱ्यांचा भात, गुळाचं पाणी म्हणजे आमटी, शेंगदाण्यांची उसळ. (आता बघितलं तर त्या भातुकलीत सर्वांत धोक्याची चीज लाटणं नव्हतीच, ती उसळ होती. लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना चांगला परिचयाचा असतो. शेजारचं दोन वर्षांचं पोर पंगतीला असायचं, हे आठवून आजींच्या अंगावर आता काटा येतो.)

आजींचा मुलगा 1990चा. त्याच्या बाबतीत मात्र त्यांनी आपल्या आईचा शहाणपणा गुंडाळून ठेवला. मुलगा चलाख, लवकर बोलायला लागलेला. त्याला कुणीतरी मोटारींचा संच दिला, खोक्यावर तीन वर्षांपुढील मुलांसाठी असं छापलेलं. 'आमचा आत्ताच तीन वर्षांचा वाटतो,' म्हणून विसाव्या महिन्यातच खोकं उघडलं. चौथ्या दिवशी एका मोटारीचं रबरी चाक त्याच्या नाकात सापडलं. डॉक्टरांनी चिमट्याने काढलं, मिनिटभराचं काम, पण रिक्षातला तो अर्धा तास आजी अजून विसरलेल्या नाहीत.

पालकांची ही गफलत फार जुनी आहे. खोक्यावरचा आकडा त्यांना मुलाच्या बुद्धीचा मार्क वाटतो आणि आपलं मूल त्याच्या पुढेच असतं. तो आकडा मुख्यतः असतो घशाचा. मूल कितीही हुशार असलं तरी श्वासनलिका वयाएवढीच रुंद असते, आणि वस्तू ओळखायची म्हणजे तोंडात घालायची, ही सवय तीनपर्यंत पुरती सुटत नाही. मापही ठरलेलं आहे. तपासणीचं नळकांडं 31.7 मिलिमीटर व्यासाचं, तळ तिरका, खोली एका बाजूला 25.4 आणि दुसऱ्या बाजूला 57.1. न दाबता वस्तू त्यात पूर्ण मावली, तर ती तीन वर्षांखालच्यांसाठी बाद. पुठ्ठ्याची नळी याहून थोडी रुंद, म्हणजे अधिक कडक. बोटभर लाटणं त्या नळकांड्यातून कदाचित डोकं वर काढून सुटलं असतं. सुनेच्या परीक्षेत ते नापास.

भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झालं, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. ती हवीच होती, नाहीतर चितार आळीसारख्या ठिकाणची छोटी दुकानं चाचण्यांच्या खर्चातच बसली असती. पण मग अशा खेळण्यांच्या बाबतीत वय ठरवायचं काम घरातल्या कुणाला तरी करावं लागतं.

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने हा प्रश्न फार सोपा सोडवला. 1969 साली तिने डुप्लो काढलं. ठोकळा तोच, फक्त लांबी, रुंदी, उंची दुप्पट. म्हणजे आकारमान आठपट, गिळायची सोय नाही, आणि पुढे छोट्या ठोकळ्यांशी जुळतंही. भातुकलीचं असं कुणी केलं तर? आजींनी सुनेला विचारलंही. 'दुप्पट मोठी भातुकली म्हणजे आपलं स्वयंपाकघरच की, आई,' सून म्हणाली.

वीस वस्तू डब्यात परत गेल्या. आजींनी झाकणावर पट्टी चिकटवून लिहिलं, 'वय 4 पूर्ण झाल्यावर'. खाली नातवाच्या त्या वाढदिवसाची तारीखही घातली, कारण आपल्यानंतर कुणी लवकर उघडू नये. पोळपाट, परात आणि जातं सतरंजीवर ठेवलं.

नातू रांगत आला. पोळपाट त्याने उलटा केला, परात त्यावर आपटली, आवाज आवडला म्हणून पुन्हा आपटली. मग जात्याकडे वळला. वरची तळी फिरवावी, असं आजी हात धरून शिकवायला गेल्या, तेवढ्यात त्याने खुंटा पकडला, दोनदा हलवला आणि उपटला. साठ वर्षांची लाख, सुटणारच. मूठ तोंडाकडे निघाली होती. आजींनी ती वाटेतच धरली, एकेक बोट सोडवून खुंटा काढून घेतला आणि नळीवर धरून सोडला.

टप्प.

डबा पुन्हा उघडावा लागला.