राजवाड्याच्या पलीकडे

बडोद्यास पाहुणे आले म्हणजे त्यांना काय दाखवावे, हा प्रश्न आम्हांस कधी पडला नव्हता. सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा, तेथील राजा रविवर्म्याची चित्रे. दुपारी कीर्तिमंदिर आणि नंदलाल बोसांची भित्तिचित्रे. संध्याकाळी सयाजीबागेत फेरफटका आणि येताना सुरसागराच्या काठी भेळ. आमच्या आईने हा क्रम घालून दिला, पत्नीने तो पुढे चालविला. आमचे घर गोरव्यास. गाव शहराच्या पोटात केव्हाच गेले असले, तरी ‘आज जरा बडोद्यास जाऊन येतो’ असेच आम्ही अजून म्हणतो.

हा क्रम मोडला तो तळेगावच्या मावशीने. गेल्या वर्षी पौषात ती आठ दिवस आमच्याकडे राहावयास आली. वय चौऱ्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, पण जिज्ञासा तरुण. दुसऱ्या दिवशी चहा घेताना आम्ही नेहमीचा कार्यक्रम सांगू लागलो, तोच ती म्हणाली, “अरे, राजवाडा मागच्या खेपेला पाहिला. बागही पाहिली. आता तुमच्या घराजवळचं काय असेल ते दाखव.”

घराजवळचे? आम्ही चाळीस वर्षे गोरव्यात काढली. कारखान्यांचे भोंगे, तळाव, बाजार यांपलीकडे जवळपास पाहण्यासारखे काही असेल, असे मनातही आले नव्हते. आम्ही उत्तर शोधत असताना भाजी घेऊन आलेल्या शेजारणीने सहज गुजरातीत विचारले, “सेवासीची वाव दाखवली का?”

वाव म्हणजे आपली बारव, पायऱ्यांची विहीर. सेवासी आमच्या घरापासून फार तर दोन कोस. गोत्रीवरून सिंधरोटकडे, महीच्या काठी हुरडा खावयास जाताना आम्ही त्या रस्त्याने किती वेळा गेलो असू! डाव्या-उजव्या हाताला काय आहे, हे पाहण्यास मान वळविली नव्हती, इतकेच.

त्याच दुपारी गेलो. रस्त्यालगत दोन-चार दगडी खांब दिसत होते. त्यांच्यामागे जमीन एकाएकी खाली उतरत होती. खाली, आणखी खाली. मजल्यामागून मजला, खांबांवर खांब, आणि तळाशी अंधारात विहीर. विद्याधर नावाच्या एका सत्पुरुषाच्या स्मरणार्थ ही वाव १५४३ साली बांधली गेली. म्हणजे गुजरातेत अजून सुलतानांचे राज्य होते, आणि आमच्या पूर्वजांच्या घोड्यांना नर्मदेचे पाणी लागण्यास अजून पुष्कळ वर्षे अवकाश होता. सुलतानाच्या अमलात एका हिंदू साधूची आठवण म्हणून वाटसरूंसाठी पाणी बांधावे, ही गोष्टच मोठी विचार करावयास लावणारी.

मावशीस पायऱ्या उतरणे शक्य नव्हते. ती वरच्या ओट्यावर बसली आणि आम्ही खाली जाऊ लागताच ओरडून म्हणाली, “दिसेल ते सांगत जा रे!” आम्ही सांगत गेलो. कोरीव खांब सांगितले, कोनाडे सांगितले, प्रत्येक मजल्यावर वाढत जाणारा गारवा सांगितला. तळाजवळ मात्र गप्प झालो. पाण्यावर हिरवी साय, तीत प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, फुटक्या बाटल्या. वरून हाक आली, “का थांबलास? काय आहे?” आम्ही म्हणालो, “पाणी आहे.” खोटे बोललो नाही, पण खरेही बोललो नाही. वर आलो तेव्हा ती आमच्या तोंडाकडे पाहून एवढेच म्हणाली, “चाळीस वर्षांत कुणी विचारायला आलं नाही, मग पाणी तरी काय करील?”

हे बोलणे आम्हांस लागले. म्हणून पुढच्या रविवारी मुलाला मोटार काढावयास लावून आम्ही तिला डभोईस नेले.

डभोई, प्राचीन दर्भावती, बडोद्याच्या आग्नेयेस सुमारे तीस किलोमीटर. आमच्या लहानपणी तेथे छोट्या रुळांची गाडी जात असे. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत मियागाम ते डभोई हा रूळमार्ग झाला, तेव्हा त्यावरील डबे चक्क बैल ओढीत. इंजिन पुढे १८७३ साली आले. आता तेथे रुंद रूळ पडले असून २०२१ पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात.

गावाच्या चारी दिशांना चार दरवाजे. गुजराती लोक वेशीला भागोळ म्हणतात. पूर्वेची हिरा भागोळ सर्वांत देखणी. तेराव्या शतकात वाघेला राजा वीसलदेवाने कोटाचा जीर्णोद्धार केला, त्या काळचे हे काम. हत्ती, योद्धे, देवदेवता, नर्तकी यांनी दगड भरून गेला आहे. लोककथा अशी सांगतात, की हिराधर नावाच्या शिल्पकाराने राजाच्या दगडांतून थोडे दगड वळवून आपल्या तेन नावाच्या प्रेयसीसाठी एक तळाव बांधला. राजाला हे कळले तेव्हा त्याने हिराधरला भिंतीत चिणले. पण भिंतीतील फटीतून तूप सोडून त्याला जिवंत ठेवण्यात आले. तेन तळाव हे नाव आजही आहे. ही कथा ऐकून आमच्या सूनबाईंचे डोळे पाणावले.

मावशीचे लक्ष मात्र कथेकडे नव्हते. ती पश्चिमेकडे पाहत होती. “सेनापती इथंच पडले ना रे?” तिने विचारले.

आम्ही क्षणभर गोंधळलो. मग ध्यानात आले, की ही बाई तळेगाव दाभाडे येथील. १ एप्रिल १७३१ रोजी डभोई आणि भिलापूर यांच्या दरम्यान थोरल्या बाजीरावांची आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांची लढाई झाली. गुजरातच्या चौथाईचा वाद विकोपास गेला होता. त्र्यंबकरावांनी निजामाशी संधान बांधले होते. मराठ्यांच्या दोन फौजा परमुलखात एकमेकींवर तुटून पडल्या. हत्तीवर बसून लढणाऱ्या त्र्यंबकरावांना गोळी लागली व ते ठार झाले. दाभाड्यांच्या बाजूने लढणारे पिलाजी गायकवाड जखमी होऊन निसटले. त्यांचा एक पुत्र रणात पडला. पुढे शाहू महाराजांनी मध्यस्थी करून बाजीराव आणि त्र्यंबकरावांच्या मातोश्री उमाबाई यांचा समेट घडविला. सेनापतिपद धाकटे पुत्र यशवंतराव यांना मिळाले, पण कारभार पिलाजींच्या हाती आला. १७३४ साली बडोदे कायमचे गायकवाडांकडे आले, आणि पुढे त्यांच्या मागोमाग कारकून, शास्त्री, शिलेदार, वैद्य, गवई अशी आपली मराठी घरे येथे आली.

मावशी म्हणाली, “आमच्याकडे उमाबाईंची समाधी आहे. येता-जाता हात जोडतो. पण मुलगा कुठं गेला ते ठिकाण आज पाहते आहे.” तिने पदर सावरला आणि त्या मोकळ्या शेतांच्या दिशेने नमस्कार केला. आम्हीही हात जोडले. आपण बडोद्याचे मराठी लोक आपला इतिहास राजवाड्यापासून सुरू करतो. तो खरा सुरू होतो येथे, भाऊबंदकीत सांडलेल्या रक्तापासून. पाहुण्यांना आपण हे कधी दाखवीत नाही, कारण त्यात मिरविण्यासारखे काही नाही. परंतु आपल्या घराचा पाया कोठे आहे, हे ठाऊक असण्यासाठी तो देखणा असावाच लागतो, असे थोडेच आहे?

मन जड झाले होते. म्हणून परत न फिरता पुढे वढवाण्याच्या तलावावर गेलो. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९०९-१० च्या सुमारास शेतीसाठी हा तलाव बांधला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने येथे आणले आहे. महाराजांनी पाणी साठविले ते कुणब्यांसाठी. पण पाखरांनी ते आपलेच मानले. २०२१ साली या तलावाची नोंद रामसर कराराखालील जागतिक महत्त्वाच्या पाणथळांत झाली.

बांधावर उभे राहिलो तर पाण्यावर जणू गाव वसले होते. केशरी चक्रवाक जोडीजोडीने, आणि डोक्यावर काळे पट्टे असलेले पट्टकादंब, जे हिमालय ओलांडून येतात. मध्यभागी काळ्या पक्ष्यांचा थवा, कपाळी पांढरा टिळा. नातवाने पुस्तकात पाहून सांगितले, “आजी, यांचं मराठी नाव वारकरी!” मावशी खळखळून हसली. “देहूची पालखी आमच्या तिकडून निघते, आणि हे बघ, माझ्याआधी इथं हजर!” दिवसभरात ती प्रथमच हसली होती.

मावशी तळेगावी परतली. या गोष्टीस आता वर्ष होत आले. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथे गर्दी जातेच. गरुडेश्वरी टेंबेस्वामींच्या समाधीस आपली भाविक मंडळी जातातच. आमचे सांगणे त्यांच्याबद्दल नाही. सांगणे आहे ते वाटेवरच्या, मान न वळविलेल्या जागांबद्दल. सेवासीस आता उंच उंच इमारती उठत आहेत. दगड बोलत नाहीत. त्यांच्यासाठी कोणीतरी यावे लागते.

आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तेथे जातो. नातू आणि त्याचे दोन गुजराती मित्र बरोबर असतात, हातात एक पोते असते. साऱ्या वावेस आमचे तीन-चार हात पुरणार नाहीत, हे आम्हांस कळते. वरच्या दोन मजल्यांच्या पायऱ्या मात्र आता स्वच्छ असतात. मावशीचा दूरध्वनी आला म्हणजे ती प्रकृती विचारण्याआधी विचारते, “पाणी कसं आहे?”

अजून आम्ही तिला खरे उत्तर दिलेले नाही. पण ते देण्याचा दिवस यावा, म्हणून जात आहोत.