शिपाई नसला तरी पाणी

स्मरणिकेसाठी शाळेच्या वाटचालीविषयी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. इतिहासाच्या शिक्षकाकडून स्थापनेच्या दिवसांच्या आठवणी अपेक्षित असाव्यात. परंतु आम्ही येथे संगणक कक्षातील एका लहानशा बदलाची हकीकत सांगणार आहोत. ती आमच्याच एका चुकीतून निघाली, म्हणूनच ती नोंदवून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

भिवंडीत वीज गेली हे कळण्यासाठी दिव्याकडे पाहावे लागत नाही. यंत्रमागांची खटखट थांबते. वीज परतली तरी माग आपोआप चालू होत नाहीत. कामगार एकेका मागापाशी जाऊन तो सुरू करतो, तेव्हा कुठे तो परिचित आवाज पुन्हा उभा राहतो. आमचा संगणक कक्षही कित्येक वर्षे याच रीतीने चालत असे.

कक्षात एकच बरा संगणक होता. उरलेले 10 जुने, देणगीरूपाने आलेले. जुन्यांवर नवे काही चालेना. तेव्हा आम्ही बऱ्या संगणकावर लिनक्स घालून व्हीएनसी सर्व्हर बसविला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत जन्मलेली ही व्यवस्था साधी आहे: समोरच्या यंत्राने केवळ पडदा, कळफलक आणि माउस पुरवायचा; खरे काम दूरच्या संगणकावर व्हायचे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक क्रमांकित सत्र. पहिल्याचे दार 5901, दुसऱ्याचे 5902, असे पुढे. ही सत्रे आम्ही रोज सकाळी स्वहस्ते, एकेक आज्ञा टंकून सुरू करीत असू. त्यात आम्हांस थोडा अभिमानही वाटे, हे कबूल केले पाहिजे.

एके वर्षी नात्यातील मृत्यूमुळे आम्ही चार दिवस गावी होतो. तेथे फोन लागत नव्हता. त्याच दिवसांत शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत होती आणि त्याच दिवशी भिवंडीत वीज गेली. वीज आल्यावर गृहपालांनी संगणक चालू केला. पडदा उजळला, परंतु त्यावर परवलीचा शब्द मागितला जात होता, आणि तो केवळ आम्हांसच ठाऊक. दहाही यंत्रांवर जोडणी नाकारल्याचा संदेश. गृहपाल मुलींना घेऊन बाजारातील सायबर कॅफेत गेले, रांगेत उभे राहिले. रात्री मुदत संपली तेव्हा एका मुलीचा अर्ज राहिला होता.

आम्ही परतल्यावर ती मुलगी रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “सर, वीज आली की दिवे आपोआप लागतात. मग संगणकाला तुमची वाट का पाहावी लागते?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. सातारच्या शाळेत बाल भीमरावांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसेल तर तहान. हा प्रसंग आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. त्या क्रौर्याशी आमच्या विसराळूपणाची तुलना होऊ शकत नाही, आणि आम्ही ती करीत नाही. तरीही गरजेची वस्तू एकाच माणसाच्या हाती अडकून राहिली, की दुसऱ्याला त्या हाताची वाट पाहावी लागते, हे आम्हांस इतिहास शिकवूनही उमगले नव्हते.

मग आम्ही अभ्यासाला बसलो. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्सचे पाठ मराठीतही आहेत. त्यांचा आम्हांस आधार झाला. प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये, वीज परतताच यंत्र आपणहून चालू व्हावे, अशी नोंद केली. पुढचे काम ‘सिस्टिमडी’चे. 2010 साली पुढे आलेली ही प्रणाली आज बहुतेक लिनक्समध्ये सर्वांत आधी जागी होते आणि इतर सेवांना जागे करते. कोणती सेवा, कोणाच्या नावे, कशानंतर सुरू करावी, हे एका छोट्या मजकूर फाईलमध्ये लिहून द्यावे लागते. आम्ही लिहिले: नेटवर्कनंतर, ‘विद्यार्थी’ या साध्या खात्याच्या नावे. मूळ प्रशासक खात्याच्या नावे मुळीच नव्हे.

येथे आम्ही दोनदा ठेचाळलो. प्रथम ‘स्टार्ट’ ही आज्ञा दिली, सर्व सुरळीत चालले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शुकशुकाट. ‘स्टार्ट’ ही आजपुरती आज्ञा. प्रत्येक आरंभासाठी ‘इनेबल’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती दिल्यावरही सेवा क्षणभर उठून बंद पडे. आमच्याकडील व्हीएनसीची मूळ प्रक्रिया आपले काम एका अपत्य प्रक्रियेकडे सोपवून निघून जात असे. व्यवस्थापकाला वाटे, काम संपले, आणि तो उरलेले सारे आवरून टाकी. फाईलमधील प्रकाराच्या ओळीत ‘सिंपल’ ऐवजी ‘फोर्किंग’ लिहिताच तो घोळ मिटला.

आपोआप उघडणारे दार कोणासाठीही उघडे राहू नये, हीही काळजी घ्यावी लागली. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीच्या परवलीतील पहिली 8 अक्षरेच ग्राह्य धरली जातात, आणि संभाषण गुप्त राहीलच याची खात्री नसते. म्हणून ही दारे शाळेच्या अंतर्गत जाळ्यापुरतीच ठेवली. प्रशासकाचा परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांकडे दिला. सर्व कृती वहीत लिहून ती गृहपालांकडे सोपविली. दहावीच्या दोन मुलींना ती करून पाहायला लावली.

एका रविवारी आम्ही परीक्षा घेतली. गृहपालांनी कक्षाचा मेन स्विच पाडला आणि थोड्या वेळाने वर केला. आम्ही दाराबाहेर, हात मागे बांधून उभे. जिचा अर्ज राहिला होता ती मुलगी एका जुन्या यंत्रासमोर बसली होती. दोनेक मिनिटांनी तिच्या पडद्यावर डेस्कटॉप उमटला. तिने मागे वळून आमच्याकडे पाहिले नाही. ती कामाला लागली.

तिचे ते वर्ष आम्ही परत देऊ शकलो नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी कचेरीत, कोणी दवाखान्यात, कोणी गोदामात जबाबदारीच्या जागी आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती: आपण चार दिवस नसलो तर कोणाचे काय अडेल, याचा एकदा शोध घ्यावा. त्यानंतर आम्ही दोनदा रजेवर गेलो. दोन्ही वेळा भिवंडीत वीज गेली होती, असे मागाहून समजले. कक्षातून आम्हांस फोन आला नाही.