पुढच्यासाठी स्क्रिप्ट

पोस्टडॉकची नोकरी दोन-तीन वर्षांची. माणूस जातो, त्याच्या स्क्रिप्ट मागे राहतात. आमच्या प्रयोगशाळेत स्लॅकवेअर लिनक्स आहे आणि त्यावरचं सॉफ्टवेअर स्लॅकबिल्ड स्क्रिप्टने बांधतात. त्यातली एक मला वारशाने मिळाली. लिहिणाऱ्याला मी कधी भेटले नाही, तरी ती लगेच वाचता आली, कारण सगळं ठरल्या जागी होतं. वर नाव, आवृत्ती, बिल्ड क्रमांक. आवृत्ती तीच ठेवून नुसती स्क्रिप्ट बदलली, तर हा क्रमांक एकाने वाढवायचा. मग 'सेट -ई', म्हणजे एखादी पायरी फसली की तिथेच थांब. नाहीतर अर्धवट पॅकेज तयार होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. सगळ्यात मोलाचा संकेत 'डेस्टडिर'चा: फायली थेट संगणकात न घालता आधी वेगळ्या फोल्डरमध्ये मांडायच्या आणि तिथून पॅकेज करायचं. म्हणजे काय कुठे गेलं त्याची यादी राहते, आणि उद्या ते नीट काढताही येतं. 'चालतंय ना, मग झालं' म्हणणाऱ्यांना हे सोपस्कार वाटतात. मला नाही वाटत. मार्चमध्ये माझा करार संपतोय. आमच्या पेपरमधले आकडे कुणी पुन्हा काढायला बसलं, तर विचारायला मी इथे नसेन. उरलेल्या चार स्क्रिप्ट सध्या याच साच्यात बसवते आहे.