नाबाद ४५१

जालना

चि. ओंकार,


परवा फोनवर तू म्हणालास, ‘मामा, विजय झोलचं तरी पुढं काय झालं?’ निवड यादीत तुझं नाव नाही म्हणून तू खट्टू होतास, ते कळलं. पण या प्रश्नाचं उत्तर मला घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी विजयचा तो डाव. २०११-१२ चा हंगाम, एकोणीस वर्षांखालील मुलांचा कूचबिहार करंडक, महाराष्ट्र विरुद्ध आसाम. आपल्या जालन्याचा हा डावखुरा फलंदाज जेमतेम सतरा वर्षांचा होता. धावा नाबाद ४५१. याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात युवराज सिंगनं काढलेल्या ३५८ धावांचं केवढं कौतुक झालं होतं! जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकच्या प्रखर चतुर्वेदीनं अंतिम सामन्यात नाबाद ४०४ केल्या, तेव्हाही स्पर्धेतली सर्वोच्च खेळी म्हणून विजयचंच नाव निघालं. महाराष्ट्राला असे डाव नवे नाहीत. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमापासून ते हाकेच्या अंतरावर होते आणि समोरचा संघ मैदान सोडून गेला. तो रणजीचा सामना, हा मुलांचा. बरोबरी मी करत नाही. पण एवढा वेळ खेळपट्टीवर उभं राहायला काय लागतं, हे तुला मी सांगायला नको.

२०१३ चा उन्हाळा तुला आठवणार नाही. दुष्काळानं जिल्हा होरपळला होता. शहरात माणसं टँकरची वाट बघत बसायची, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि ज्यांनी पोरासारखी झाडं वाढवली त्यांनीच ती तोडून सरपण केलं. त्याच वर्षी इथला मुलगा भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचं नेतृत्व करत होता. त्याच हंगामात त्यानं रणजी पदार्पणात त्रिपुराविरुद्ध द्विशतक ठोकलं. मग ४ जानेवारी २०१४ ला शारजात एकोणीस वर्षांखालील आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. त्यात पाकिस्तानविरुद्ध विजयचं शतक, संजू सॅमसनचं शतक आणि चषक आपला. त्या बातमीनं या गावाला काय दिलं, ते मला नीट मांडता येत नाही. एवढंच सांगतो, त्यानंतर मराठवाड्यातल्या पोराला पुण्याच्या चाचणीला पाठवताना आईबापांना कमी धास्ती वाटू लागली. तुझ्या आईलाही.

पुढच्याच महिन्यात याच वयोगटाच्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडनं आपल्याला तीन गडी राखून हरवलं. त्या संघातले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, दीपक हुडा भारताकडून खेळले. सरफराज खानला कसोटीची टोपी मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं, म्हणजे दहा वर्षं गेली. विजय आयपीएलमध्ये बेंगळुरूकडून खेळला, भारताच्या वरिष्ठ संघात मात्र आला नाही. एकोणीसच्या पुढं वाट एकदम अरुंद होते रे. पंधरा जणांतले चार-पाच जण वर पोचले तरी ती पिढी गुणी म्हणायची.

म्हणून ‘पुढं काय झालं’ हा सूर मला खटकतो. तो त्याला वानखेडेवरून मोजतो. मी त्याला जालन्यातून मोजतो. इथून निघून भारताच्या युवा संघाची नाणेफेक करायला गेलेला मुलगा कमी पडला, असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही, आणि तुझ्याही निघू नये.

तुझं नाव यादीत नाही याचं मलाही वाईट वाटलं. पण चाचणीच्या सामन्यात तू ७२ वर उंच मारायला जाऊन बाद झालास, हे तूच सांगितलंस. दमला होतास का? की सत्तर पुरे वाटले? याचं उत्तर मला नको, तुझ्या प्रशिक्षकांना दे. आणि पुढच्या डावात शंभर झाले की पाणी पी, हातमोजे बदल आणि पंचांकडून पुन्हा गार्ड घे.

तुझा,
मामा