प्लसवाली सळई

गेल्या पावसाळ्यात आठवड्याने नळ आला आणि नेमका मी बनवलेल्या सेन्सरने घात केला. टाकी ओसंडतेय, मोटर चालूच! आई धावत बादल्या लावत होती. "इंजिनिअर ना रे तू?"

रात्रभर कोडमध्ये बग शोधला (सवय, दुसरं काय!). सकाळी टाकीत डोकावलो, तर प्लसवाल्या सळईवर गाळाचा गुळगुळीत लेप. चिकणमातीचे कोलॉइडी कण खाली बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून डीसी मिळाला की धन सळईकडे सरकतात आणि तिथेच चिकटतात. रॉइसने मॉस्कोत १८०७ सालीच मातीचे कण असे सरकताना पाहिले होते. लेप वाढला, करंट घटला, बोर्डाला वाटलं टाकी भरलीच नाही.

शेवटी कोडच बदलला: प्लस-मायनस सतत उलटवायचे, करंट फक्त रीडिंगपुरता. आई मात्र अजून मोटरपाशी उभी राहते.